हलगीचे घरगुती ध्वनिमुद्रण : एक अनुभव व अभ्यास

(एस. वाय. बी. ए., मराठी)

आमच्या घरात लिहिण्याचे टेबल गेल्या वर्षी आले. त्या जागी पूर्वी नुसती भिंत होती आणि भिंतीच्या खुंटीला दोन हलग्या टांगलेल्या असत. आज टेबलावर जुना संगणक आहे आणि त्याच्या डोक्यावर, त्याच खुंटीला, हलग्या तशाच आहेत. या दोन वस्तूंची गाठ कशी घातली आणि ती घालताना काय काय शिकावे लागले, ते या लेखात मांडावयाचे आहे. हा विषय कलाशाखेचा नव्हे, असे कोणी म्हणेल. त्याला माझे उत्तर एवढेच की, विज्ञानशाखेच्या ज्या मित्रांना मी हे करून द्या म्हणून विनविले, त्यांना परीक्षा होती.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, चाळीस वर्षे हलगी वाजवीत आहेत. कुस्तीच्या मैदानातली हलगी वेगळी, वरातीतली वेगळी, जोतिबाच्या सासनकाठीपुढची वेगळी आणि मयताच्या पुढची तर अगदीच वेगळी. हे सारे त्यांच्या हातांत आहे. कागदावर एक अक्षर नाही. मला त्यांनी हलगीला हात लावू दिला नाही. "तुझ्या हातात पेन बरं," एवढेच ते म्हणत. हलगी ज्या घरांत पिढ्यानुपिढ्या आली ती घरे कोणाची, आणि वाजविणाऱ्याला मांडवात कोठे बसवून जेवू घालीत, हे वाचकांना मी सांगावयास नको. त्यामुळे त्यांचे म्हणणे मला कळते. पण गेल्या दिवाळीपासून त्यांचा उजवा खांदा धरला आहे. हात खांद्याच्या वर जात नाही. मी शिकलो नाही, धाकटा भाऊ शिकला नाही. तेव्हा निदान आवाज तरी धरून ठेवावा, असे मनाने घेतले.

पहिला प्रयत्न अर्थातच मोबाइलवर केला. ऐकल्यावर आबा म्हणाले, "ही हलगी न्हवं, पत्र्याचा डबा हाय." त्यांचे बरोबर होते. मोबाइल हा माणसाच्या बोलण्यासाठी केलेला असतो. आवाज मोठा झाला की तो आपोआप पातळी खाली ओढतो आणि लहान झाला की वर उचलतो. शिवाय सतत चालणारा आवाज हा गोंगाट समजून पुसावयास बघतो. हलगीचा सारा जीव तर थापेच्या पहिल्या काही मिलिसेकंदांत. जाड टिपरू कातड्यावर पडते तेव्हा आवाज एकदम उसळतो आणि लगेच बसतो. मोबाइल नेमका तो उसळलेला भाग कापून टाकतो. डाव्या हातातली बांबूची बारीक काडी जी किरकिर भरीत असते, ती मग टिपरूइतकीच मोठी ऐकू येते. लग्नाच्या व्हिडिओंत हलगी नेहमी डब्यासारखी का वाजते, याचे कारण मला त्या दिवशी कळले.

मग तालुक्याच्या एका स्टुडिओत चौकशी केली. आबांनी तेथे पूर्वी एका भक्तिगीताच्या चित्रफितीसाठी वाजविले होते. तिच्यावर गायकाचे, संगीतकाराचे, कॅमेरावाल्याचे, चहा देणाऱ्या हॉटेलाचेदेखील नाव आले. आबांचे आले नाही. तासाचा दर ऐकून मी परत आलो. 'कमवा व शिका' योजनेत ग्रंथालयात पुस्तके चिकटवून जे पैसे साठले होते, त्यांत जुना संगणक, दोन वापरलेले मायक्रोफोन आणि दोन माईक जोडता येतील अशी एक लहान पेटी, जिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात, एवढे बसले. हेडफोन एका मित्राचे. संगणकातली प्रणाली 'ऑडॅसिटी' ही फुकट मिळते.

आता थोडे शास्त्र. ते टाळून पुढे जाता येणार नाही, आणि मला स्वतःला ते समजण्यास दोन महिने लागले म्हणून सविस्तर लिहितो.

आवाज म्हणजे हवेतील दाबाची लाट. मायक्रोफोनात एक पातळ पडदा असतो. लाट येऊन आपटली की तो हलतो आणि त्या हलण्याची वीज होते. म्हणजे मायक्रोफोन ही एक उलटी हलगीच. त्याचे दोन प्रकार मुख्य. पहिल्यात पडद्याला तारेचे वेटोळे जोडलेले असून ते चुंबकाच्या मध्ये हलते. याला डायनॅमिक म्हणतात. हा दणकट, मोठा आवाज सोसणारा. दुसरा कंडेन्सर, त्याला बहुधा इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा पुरवठा द्यावा लागतो. तो बारीकसारीक सारे टिपतो, म्हणजे हलगीबरोबर पिठाची गिरणीही टिपतो. ताशा, ढोल, हलगी अशा जवळून घेण्याच्या वाद्यांना डायनॅमिक बरा. शुअर कंपनीचा एसएम ५७ हा १९६५ साली निघालेला माईक पाश्चात्त्य ड्रमसाठी आजही जगभर वापरतात. माझ्याजवळचे दोन्ही त्याच जातीचे पण स्वस्तातले आहेत.

ही वीज इंटरफेसमध्ये जाते आणि तेथे तिचे आकडे होतात. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजमाप घेण्याचे ठरले. एवढे का? माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि जी कंपने पकडावयाची त्यांच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावे लागते, असा नियम आहे. मी ४८,००० हा दर घेतला. प्रत्येक मोजमाप किती बारीक, ते बिटवर ठरते. १६ बिटमध्ये सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मावते, २४ बिटमध्ये कागदोपत्री १४४. हलगीला २४ बिटच घ्यावे, कारण पातळी मुद्दाम खाली ठेवता येते. एका माईकचे एका मिनिटाचे मुद्रण मग सुमारे साडेआठ मेगाबाइट होते. जागा भरते, पण जागा आता स्वस्त आहे.

पातळी खाली ठेवण्याचे महत्त्व मला नुकसान होऊन कळले. संगणकाला शून्य डेसिबलच्या वर जागाच नाही. जुन्या चुंबकीय फितीवर आवाज थोडा जास्त झाला तर तो दबून, गोल होऊन उतरत असे. संगणकात मात्र लाटेचा शेंडा सपाट कापला जातो आणि तो नीट भरून येत नाही. मी आबांना म्हणालो, सर्वांत जोरात वाजवा, त्यांनी वाजविले, मी काटा शून्याच्या किंचित खाली बसविला. प्रत्यक्ष मुद्रण सुरू झाल्यावर दोन मिनिटांत आबा रंगले आणि त्यानंतरचे सगळे फुटले. वादकाला 'जोरात वाजव' म्हटल्यावर तो जे वाजवितो, ते त्याचे जोरात नसते. तेव्हापासून उणे १२ डेसिबलच्या वर शेंडा जाऊ देत नाही.

पण खरी अडचण यंत्रांची नव्हती, जागेची होती. आमचे घर दोन खोल्यांचे, भिंती गिलाव्याच्या, वर पत्रा. या खोलीत उभे राहून एक टाळी वाजवावी. टाळीमागून 'टर्रर्र' असा बारीक आवाज येतो, कारण समोरासमोरच्या भिंतींवर लाट चेंडूसारखी उड्या मारते. हलगी वाजली की वरचा पत्रा तिच्याबरोबर आपलेही काही म्हणतो. कोणी सांगितले अंड्यांचे ट्रे लावा. शेजारच्या कोंबडीपालनवाल्याकडून पन्नास ट्रे आणले, आईने खळ करून दिली, भिंतीला चिकटविले. काही फरक पडला नाही. पातळ पुठ्ठा आवाज अडवीतही नाही आणि वरचे काही स्वर सोडले तर शोषीतही नाही. येथे एक घोटाळा पुष्कळांचा होतो. बाहेरचा आवाज आत येऊ न देणे ही एक गोष्ट, आणि आतला आवाज आत घुमू न देणे ही दुसरी. पहिलीला वजन लागते, म्हणजे जाड भिंत, जड दार, एकही फट नसणे. ते आमच्या आवाक्याबाहेर. दुसरीला जाड आणि सच्छिद्र वस्तू लागते. आईच्या दोन वाकळा भिंतीपासून वीतभर दूर दोरीवर टांगल्या तेव्हा पहिल्यांदा टाळीमागचा टर्रर्र गेला. दूर का टांगावयाच्या? भिंतीशी लागून हवेचे कण हलतच नाहीत, त्यामुळे तेथे वाकळीला शोषण्यासारखे काही नसते. लाटेच्या लांबीचा चौथा हिस्सा जेथे येतो तेथे कण सर्वांत जोरात हलतात. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी सुमारे ३.४ मीटर, तिचा चौथा हिस्सा ८५ सेंटिमीटर. म्हणजे किरकिर वाकळीने मरते, घुमारा मरत नाही. त्याला हातभर जाडीचे काहीतरी हवे.

हातभर जाडीचे काहीतरी आमच्या गोठ्यात होते. कडबा! तीन बाजूंनी छपरापर्यंत कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या आणि चौथी बाजू उघडी. तेथे टाळी वाजविली तर हातातच विरते. उघड्या बाजूने आवाज निघून जातो, तो परत येत नाही. मी उत्साहाने म्हैस बाहेर बांधली. आईने विचारले, दूध कमी आले तर ते संगणकातून काढणार का? शेवटी धार झाल्यानंतरची दुपारची वेळ ठरली.

घर, गोठा, जिना यांना हसण्याचे कारण नाही. इंग्लंडमध्ये हॅम्पशायर परगण्यात हेडली ग्रेंज नावाचे एक जुने मोठे घर आहे. लेड झेपेलिन या वाद्यवृंदाने तेथे आपल्या चौथ्या संग्रहाचे बरेचसे मुद्रण केले. तो १९७१ च्या नोव्हेंबरात निघाला. त्यातील एका गाण्यासाठी जॉन बोनहॅम या ड्रमवादकाला जिन्याच्या तळाशी बसविले आणि ड्रमला चिकटून माईक न लावता वर, जिन्यात, दोनच माईक टांगले. तंत्रज्ञ होता अँडी जॉन्स. त्या ड्रमचा आवाज पुढे असंख्य लोकांनी आपापल्या गाण्यांत उचलून वापरला. त्याचा थोरला भाऊ ग्लिन जॉन्स हाही ध्वनिमुद्रकच. संपूर्ण ड्रम तीन-चार माईकमध्ये घेण्याची त्याची पद्धत प्रसिद्ध आहे. वरचे दोन माईक मधल्या स्नेअर ड्रमपासून सारख्याच अंतरावर ठेवावयाचे, हे तिचे मर्म. अंतर दोरीने मोजता येते. आज एका ड्रमसंचाला आठ-दहा माईक लावतात, ते ज्यांना परवडते त्यांनी लावावेत.

दोरीचे महत्त्व मला पटले ते असे. माझ्याजवळ दोन माईक होते, म्हणून एक हलगीच्या पुढे व एक मागे लावला. हलगीला कातडे एकाच बाजूला, मागून कडे उघडे; पुढून थाप चांगली येते, मागून घुमारा. वेगवेगळे ऐकले तर दोन्ही मुद्रणे छान. एकत्र केली आणि आवाज दुप्पट होण्याऐवजी पार पातळ झाला! मला वाटले इंटरफेस बिघडला. भौतिकशास्त्राच्या सरांना व्हरांड्यात गाठले. त्यांनी खिशातला रुमाल दोन्ही हातांनी ताणून धरला आणि म्हणाले, मध्ये बोट मार. बोट मारले, रुमाल माझ्यापासून दूर, त्यांच्याकडे गेला. "तुझ्या बाजूला हवा विरळ झाली, माझ्या बाजूला दाट. दोन्ही एकत्र मिळवलीस तर काय उरेल?" एवढे पुरे झाले. ऑडॅसिटीत 'इन्व्हर्ट' नावाची क्रिया आहे, ती मागच्या माईकच्या मुद्रणावर केली, म्हणजे लाट उलटी केली, आणि घुमारा परत आला.

तरीही काही कमी होतेच, ते अंतराचे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. एक माईक दुसऱ्यापेक्षा ३४ सेंटिमीटर दूर असेल तर त्याचा आवाज एक मिलिसेकंद उशिरा येतो, आणि ५०० हर्ट्झचे कंपन तेवढ्यात बरोबर अर्धे झालेले असते; एकाचा चढ दुसऱ्याच्या उतारावर पडून ते नाहीसे होते. त्याच्या वर १,५००, २,५०० असे दात पडत जातात. मग सुतळीला गाठ मारून दोन्ही माईक कातड्यापासून दीड-दीड फुटावर ठेवले. उभे राहून वाजविताना हलगी हलते, म्हणून आबांना जमिनीवर खडूने पावले आखून दिली. ती त्यांनी पाळली नाहीत, पण फार मोडलीही नाहीत.

आता हलगीविषयी. चर्मवाद्यांचा शास्त्रीय अभ्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केला होता हे मला ठाऊक नव्हते. १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात आणि पुन्हा १९३४ साली त्यांनी मृदंग व तबला यांवर लिहिले. साध्या ताणलेल्या गोल कातड्याची कंपने एकमेकांशी पूर्णांकात नसतात. पहिले १ धरले तर पुढची १.५९, २.१४, २.३० अशी येतात, म्हणून त्यातून नेमका स्वर निघत नाही. तबल्याच्या मधल्या शाईने ही कंपने १, २, ३ अशा पटींत आणली जातात, हे त्यांनी दाखविले. हलगीला शाई नाही. तिला स्वर नाही म्हणून तिला कमी मानणारे लोक आहेत. पण स्वर नसला तरी उंची आहे, आणि ती उंची कातडे किती ताणले यावर ठरते. म्हणून हलगी शेकावी लागते.

शेकणे आणि ध्वनिमुद्रण यांचे वैर आहे. कडब्याच्या गोठ्यात विस्तव नेणे शक्य नव्हते. आबा अंगणात पाचट पेटवून हलगी शेकीत, बोटाने टिचकी मारून बघत आणि लगबगीने आत येत. तोवर मी मुद्रण चालू करून ठेवी. पहिली काही मिनिटे हलगी खणखणीत, मग कातडे निवते, ओल धरते आणि आवाज उतरतो. ऑडॅसिटीत आवाजाचा वर्णपट काढता येतो. पहिल्या मिनिटाचा आणि दहाव्या मिनिटाचा वर्णपट शेजारी ठेवले तर सर्वांत उंच शिखर डावीकडे, खालच्या कंपनांकडे, सरकलेले स्पष्ट दिसते. आबांना दाखविले. ते म्हणाले, हे बघायला मशीन कशाला? त्यामुळे एका बैठकीत एकच तुकडा, मग पुन्हा शेक, असे करावे लागले. फायबरच्या हलगीला हा त्रास नाही, आणि पावसाळ्यात आबा तीच नेतात. पण मुद्रणासाठी त्यांनी ती खुंटीवरून काढलीसुद्धा नाही.

एक भांडण झाले तेही नोंदवितो. पुस्तकी पद्धत अशी की वादकाच्या कानात ठरावीक लयीचा टिक्-टिक् ठोका द्यावा, म्हणजे पुढे त्यावर घुमके, कैताळ अशी दुसरी वाद्ये वेगळी मुद्रित करून जोडता येतात. हेडफोनमधून स्वतःचा आवाज संगणकातून फिरून येताना थोडा उशीर होतो. ४८,००० च्या दराने २५६ मोजमापांचा साठा ठेवला तर सव्वापाच मिलिसेकंद त्यातच जातात. पावणेदोन मीटरवरून ऐकण्याइतकाच हा उशीर, तो चालतो. चालला नाही तो ठोका. आबांनी दोन आवर्तने वाजवून हेडफोन काढून ठेवले. "कुस्ती काय घड्याळावर हुती व्हय?" ते म्हणाले. मैदानात पैलवान नुसते फिरत असतात तेव्हा हलगी चालत असते; हाताला हात भिडला की ती उचलते; पट काढला की धावते. वादकाची नजर लाल मातीवर असते. ती लय ठोक्यात बसविली तर राहील ते कुस्तीचे वाजविणे नव्हे. मी ऐकले. परंतु आता ज्यांना त्यावर दुसरी वाद्ये जोडावयाची असतील त्यांना जड जाईल, हेही खरे. शेवटी गोठ्याच्या उघड्या बाजूला चुलतभावांना उभे केले आणि म्हटले, खडाखडी करा. मुद्रणात त्यांच्या मांड्या ठोकल्याचे आवाज आले आहेत. ते मी काढले नाहीत.

पुढची प्रक्रिया थोडक्यात. दोन्ही मुद्रणे जुळविली, मागच्याची पातळी पुढच्याच्या निम्म्यावर ठेवली, ४० हर्ट्झच्या खालचा वाऱ्याचा घुंघाट गाळला. याउपर काही केले नाही. मूळ फाइली डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवल्या. एमपी३ करताना पुष्कळ माहिती कायमची टाकून दिली जाते, म्हणून ते फक्त लोकांना पाठविण्यापुरते. एक प्रत संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क मामाच्या गावी. आमच्या नदीला पूर येतो.

१९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गाइसबर्ग याने कलकत्त्यात ग्रामोफोनसाठी गौहरजानचे गाणे मुद्रित केले. त्या काळच्या आपल्या ध्वनिमुद्रिकांच्या शेवटी ती स्वतःचे नाव इंग्रजीत सांगते. हे वाचल्यावर मी आबांना म्हणालो, प्रत्येक तुकड्याच्या आधी नाव, गाव, तारीख आणि काय वाजविणार ते सांगा. त्यांना फार अवघड गेले. चाळीस वर्षांत त्यांना 'ए हलगीवाले' याशिवाय मैदानात कोणी हाक मारलेली नव्हती. पहिल्या तीन फाइलींत ते फक्त गावाचे नाव सांगतात. चौथीत हळूच स्वतःचे, आडनावाशिवाय. आतापर्यंत अकरा फाइली झाल्या आहेत. मयताची हलगी अद्याप राहिली आहे. घरात ती वाजवू नये, असे आई म्हणते, आणि गोठाही घरातच धरावयाचा की नाही यावर दोघांचे एकमत व्हावयाचे आहे.